नवी कल्पना पारखायची कशी: केळीच्या पिठापासून कापसाच्या दोन ओळींपर्यंत

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात केळीचे भाव कोसळले की गावोगावी दोन-चार जणांच्या डोक्यात एकच विचार येतो: माल असाच विकण्यापेक्षा त्याचं काहीतरी करावं. वेफर्स तर सगळेच करतात; मग पीठ करू, शेव करू, लहान मुलांच्या खिरीचं तयार मिश्रण करू. विचार चांगलाच असतो. पुढे काय होतं ते मी बचत गटांबरोबर काम करताना पुन्हा पुन्हा पाहत आले आहे. कर्ज काढून यंत्र येतं, पहिल्याच आठवड्यात क्विंटलभर केळी चिरली जाते, पीठ काळपट निघतं आणि "हे आपल्याकडे जमायचं नाही" असा निकाल लागतो. पीठ सुरीमुळे काळं पडलं, चिरल्यावर उशीर झाला म्हणून, की वाळवणीला वेळ लागला म्हणून, हे कोणालाच सांगता येत नाही. पैसे गेले याचं दुःख असतंच. पण पैसे जाऊनही हाती माहिती आली नाही, याची मला जास्त हळहळ वाटते.

ज्यांच्या मनात एखादी नवी वस्तू, नवी लागवड किंवा कामाची नवी रीत घोळते आहे त्यांच्यासाठी हा लेख. चुका होणारच आहेत. त्या लहान, स्वस्त आणि वाचता येतील अशा व्हाव्यात याची तजवीज मात्र आधी करावी लागते, आणि ती करता येते. समजायला सोपं जावं म्हणून चोपडा तालुक्यातला एखादा गट कच्च्या केळीचं पीठ करायला निघाला आहे असं धरून चालू. मध्येच थोडं शेतातही जाऊन येऊ.

## सुरुवात कागदावर

कुठल्याही नव्या वस्तूपुढे चार प्रश्न असतात. बनेल का? टिकेल का? कोणी विकत घेईल का? परवडेल का? बहुतेक जण पहिल्यापासून सुरुवात करतात, कारण लगेच हाताला काम मिळतं. मी चौथ्यापासून करायला सांगते. त्याला पेन्सिल सोडून काही लागत नाही.

कच्च्या केळीचं साल आणि देठ मिळून साधारण ४० टक्के वजन जातं. म्हणजे १०० किलो केळीतून ६० किलो गर. त्या गरात सुमारे ७० टक्के पाणी, उरला कोरडा भाग १८ किलो. चांगल्या वाळलेल्या पिठातही ७-८ टक्के ओलावा असतो, तो मिळवला की साडेएकोणीस किलो. सांडलवंड वजा करा, १९ किलो धरा. आता समजा केळी १० रुपये किलोने मिळाली. १९ किलो पिठाला १,००० रुपये, म्हणजे किलोमागे नुसत्या केळीचेच ५३ रुपये झाले. भाव २० वर गेला की तेच १०५. मजुरी, दळण, पाकीट, वाहतूक, दुकानदाराचा वाटा अजून बाहेरच आहे.

एवढ्या दोन ओळींच्या हिशेबाने कल्पनेचं रूपच बदलतं. गहू-ज्वारीच्या पिठाशी बरोबरी करणारं पीठ म्हणून हे विकता येणार नाही, हे तिथेच कळतं. पण कच्ची केळी उपवासाला चालते. उपवासाच्या पिठाला लोक जास्त दाम मोजतात. मग आषाढी, श्रावण, नवरात्र हा विक्रीचा काळ ठरला. आणि माल मात्र एप्रिल-मेच्या उन्हात वाळवायचा. म्हणजे तो पावसाळाभर टिकला पाहिजे. कढई चुलीवर चढली नाही, एक केळ सोललं नाही, तरी "टिकेल का" हा या उद्योगातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे हे समोर आलं. असे कागदी प्रयोग हवे तेवढे करा, फुकट असतात.

## घेणारा आहे का, हे बनवण्याआधी विचारता येतं

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. केळीचं पीठ बाजारात आधीपासून मिळतं. दोन-तीन पाकिटं विकत आणा. त्याची थालीपीठं लावा, एखाद्या एकादशीला ओळखीच्या घरांत, देवळाबाहेर, बाजारात लोकांना खायला द्या. पीठ दुसऱ्याचं आहे हे मोकळेपणाने सांगा.

मग "आवडलं का?" असं विचारू नका. आपल्याकडे कोणी ताटावर बसून नाही म्हणत नाही. मावशी म्हणेल, "मस्त शे, बेटा!" आणि तुमची दिशाभूल होईल. त्याऐवजी विचारा, "पाव किलोची पुडी आहे, इतक्या रुपयांना. ठेवू का?" किती जणांनी पैसे काढले तेवढंच वहीत लिहा. कोणी "पुढच्या वेळी घेऊ" म्हणालं तर ते नकारात मोजा. कोणी घेतली नाही तर कारण विचारा, आणि कारण त्यांच्याच शब्दांत उतरवा. "साबुदाण्याची सवय आहे" आणि "महाग आहे" ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यावर पाककृती देऊन काम करता येतं. दुसऱ्यावर पुडी लहान करून पाहता येतं.

## वही: आधी लिहायची, नंतर नाही

एक दोनशे पानी वही घ्या. मोबाइलवर फोटो काढा, पण नोंद वहीतच ठेवा. गटातल्या सगळ्यांना ती उघडता येते आणि बॅटरी संपत नाही. प्रत्येक तुकडीला क्रमांक द्या. तारीख, केळी कुठल्या बागेची, कितव्या दिवशी कापलेली, वजन, हे लिहा. त्याखाली चार गोष्टी लिहा: काय बदललं, काय होईल असा अंदाज, प्रत्यक्ष काय झालं, आणि आता पुढे काय.

यातली पहिली दोन, आणि "पुढे काय" हेसुद्धा, प्रयोगाच्या आधी लिहायचं. उदाहरण देते.

"तुकडी ७. बदल: चकत्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात १० मिनिटं. अंदाज: साध्या तुकडीपेक्षा रंग उजळ. उजळ निघाला तर पुढच्या वेळी सत्त्व निम्मं करून पाहू. नाही निघाला तर सुरी बदलू."

अंदाज आधी का लिहायचा? निकाल पाहिल्यावर आपल्या सगळ्यांनाच वाटतं की हे तर मला ठाऊकच होतं. मग नवल वाटत नाही, आणि नवल वाटलं नाही की पाय पुढे पडत नाही. अंदाज आणि निकाल यांत जिथे फरक पडतो, नेमकं तिथेच शिकायला मिळतं.

"पुढे काय" आधी लिहिण्याचं कारण आणखी व्यवहारी आहे. रंग उजळ निघाला काय आणि नाही निघाला काय, तुम्ही पुढे तेच करणार असाल, तर तो प्रयोग करूच नका. दोन्ही निकालांवर पाऊल वेगळं पडणार असेल तरच केळी चिरा. या एका कसोटीवर निम्मे प्रयोग आधीच गळून पडतात आणि गटातल्या बायकांचे दिवस वाचतात.

## चार किलो, आणि शेजारी साधी तुकडी

तुकडी किती मोठी घ्यावी? फसली तर गुरांपुढे टाकता येईल आणि कोणाला घरी उत्तर द्यावं लागणार नाही, इतकी. पिठासाठी सुरुवातीला चार किलो पुरे.

दर वेळी नव्या पद्धतीच्या शेजारी एक साधी तुकडी ठेवायचीच. तीच केळी, तोच दिवस, तेच धाबं (घराचं सपाट छत), फक्त नवा बदल नाही. ही सवय शेतीसंशोधनात मुरलेली आहे. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून आलेला भुईमुगाचा जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, खानदेशाबाहेरही दूरवर पेरला गेला. असा कुठलाही वाण शिफारशीला येण्याआधी प्रचलित वाणाशेजारी लावून, तोलून-मापून पाहिला जातो. नुसता "भरपूर शेंगा लागल्या" हा निकाल धरत नाहीत. शेजारच्यापेक्षा किती जास्त, हे विचारतात. साधी तुकडी नसेल तर "आजचं पीठ पांढरं निघालं" याचं श्रेय लिंबूसत्त्वाला द्यायचं की त्या दिवशीच्या कडक उन्हाला, हे कधीच ठरत नाही.

## चार ताटांचा प्रयोग

आता रंगाचा प्रश्न घेऊ. इथे थोडं रेंगाळते, कारण एकावेळी किती गोष्टी बदलायच्या हे याच्यातच नीट कळतं.

कच्चं केळ चिरलं की पेशी फुटतात. आतलं एक विकर (एन्झाइम), पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, गरातल्या तुरट द्रव्यांना हवेतल्या ऑक्सिजनशी जोडतं आणि गर तपकिरी होतो. लोखंडी विळी असेल तर तुरट द्रव्यं आणि लोह मिळून काळिमा आणखी वाढतो. म्हणून स्टीलची सुरी ही पहिली आणि सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. पुढे दोन उपाय उरतात. आम्लाने विकराचं काम मंदावतं, तर गरम पाण्यात चकत्या बुडवल्या की विकर नष्टच होतं.

एकावेळी एकच गोष्ट बदला, असं सगळीकडे सांगितलं जातं. सुरुवातीला तेच बरोबर. पण दोन उपाय एकत्र वापरायची शक्यता असेल, तर चार ताटं एकदमच मांडावीत. पहिल्यात साध्या पाण्यातल्या चकत्या. दुसऱ्यात लिंबूसत्त्वाच्या पाण्यातल्या, लिटरला ५ ग्रॅम. तिसऱ्यात उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटं काढलेल्या. चौथ्यात दोन्ही केलेल्या. प्रत्येक ताटात गर एक किलो, चकतीची जाडी एकच, आणि सोलल्यापासून पाण्यात पडेपर्यंतचा वेळही एकच. ताटं धाब्यावर ठेवताना जागा आलटून पालटून बदला. भिंतीलगतचं ताट आणि उघड्यावरचं ताट सारखं वाळत नाही.

वाळलं की नाही हे बोटाने ठरवू नका, काट्यावर ठरवा. एक किलो गरात ३०० ग्रॅम कोरडा भाग असेल, तर आठ टक्के ओलाव्याला वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास यायला हवं. त्याच्या जवळ आलं आणि दोन तासांत घट थांबली की ताट उतरवा. केळीप्रमाणे हा आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, म्हणून घट थांबणं ही खूण जास्त भरवशाची.

बहुधा गरम पाण्यातली ताटं रंगाला सरस निघतील. आणि गट तिथेच खूश होऊन थांबेल. थांबू नका. गरम पाण्यात केळीतला स्टार्च काही प्रमाणात शिजतो. अशा चकत्यांचं पीठ गार पाण्यातही घट्ट होऊ लागतं, थालीपीठ थापताना वेगळं वागतं. खिरीच्या मिश्रणाला हा गुण उपयोगी पडेल, थालीपिठाला कदाचित अडचणीचा ठरेल. शिवाय न शिजलेल्या केळीतला बराचसा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, हा या पिठाचा आरोग्यासाठी सांगितला जाणारा गुण शिजवल्यावर उणावतो. रंगाच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना पोताचा प्रश्न उपटतो, तो असा. म्हणून चारही ताटांचं पीठ वेगळं दळा, चारही पिठांची थालीपीठं लावा आणि मगच निवड करा.

## शेतात हेच कसं करायचं

शेतातली अडचण अशी की वर्षाला एकच उत्तर मिळतं. म्हणून मांडणी जास्त काळजीने करावी. कापसाचा नवा वाण, नवं अंतर किंवा खताचा कमी डोस पाहायचा आहे, तर सगळ्या शेतात करू नका; दोन-दोन तासं (पिकाच्या ओळी) करा, पण तीन-चार वेगवेगळ्या जागी. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीतही पाणी साचणारी जागा असते, आणि सातपुड्याच्या पायथ्याला तर एकाच शेतात वरच्या अंगाला मुरूम आणि खाली भारी माती असते. नवी तासं सगळी भारी मातीत पडली तर वाण कसा आहे ते कळणारच नाही. बांधालगतची तासं मोजणीतून वगळा, तिथे उजेड, वारा आणि गुरं यांनी सगळंच वेगळं होतं.

हे इतकं जमवूनही प्रयोग एका ठिकाणी हमखास मरतो: वेचणीला. सगळा कापूस एकाच गंजीत जातो आणि जून-जुलैपासूनची मेहनत त्यात मिसळून जाते. खुंटांना रंगीत चिंध्या बांधा. मजूर बायांना आदल्या दिवशी समजावून सांगा, त्या तासांसाठी पोतं वेगळं द्या, वेगळं वजन करा, आणि त्यांच्या मजुरीत त्या जास्तीच्या त्रासाचे चार पैसे धरा. प्रत्येक वेचणीला हे करावं लागतं. नाही तर निकाल "बरा वाटला" इथेच राहतो.

## चव: नाव न सांगता

पिठाकडे परत येते. चव हा असा प्रांत आहे की माणूस जिभेने कमी आणि माहितीने जास्त चाखतो. "हे आमच्या गटाचं" म्हटलं की गोड लागतं. म्हणून वाट्यांवर फक्त आकडे घाला, आणि वाढणाऱ्या बाईलाही कुठला आकडा कशाचा हे ठाऊक नसू द्या.

दोन पिठांत खरंच फरक जाणवतो का, हे पाहायची एक जुनी, साधी रीत आहे. प्रत्येकासमोर तीन तुकडे ठेवायचे, दोन एकाच पिठाचे, एक दुसऱ्याचा. वेगळा कोणता, एवढंच विचारायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर सांगेल. म्हणून बारा जणांत चौघांनी ओळखलं तर त्यात काही नाही. बारापैकी आठ किंवा जास्त जणांनी ओळखलं, तरच फरक खरा धरा. योगायोगाने आठ जण बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी असते. अर्धवट ठिकाणी, सहा-सात जणांवर, निकाल लावू नका. दुसऱ्या दिवशी वेगळ्या माणसांवर पुन्हा करा. बसण्याच्या जागा आणि तुकड्यांचा क्रम बदलत ठेवा.

याचा उलटा उपयोग मला जास्त आवडतो. लिंबूसत्त्व निम्मं केलं आणि कोणालाच फरक ओळखता आला नाही, तर पैसे वाचले. महाग पद्धत स्वस्त करत नेताना ही रीत फार कामाची आहे.

## फसलं, तर नेमकं काय फसलं?

"जमलं नाही" हा शब्द वहीत लिहायची बंदी घाला. त्याऐवजी तीनपैकी काय झालं ते लिहा.

एक, काम ठरल्याप्रमाणे झालंच नाही. पाऊस आला, वीज गेली, चकत्या जाड पडल्या, पाण्यात टाकायला उशीर झाला. अशा तुकडीवरून कल्पनेबद्दल काहीच म्हणता येत नाही. तीच तुकडी पुन्हा करायची.

दोन, काम ठरल्याप्रमाणे झालं, पण अंदाज चुकला. ही सगळ्यात मोलाची तुकडी. इथे घाई न करता "असं होण्याची कारणं कोणकोणती असू शकतात?" हे गटात बसून बोला, निदान तीन कारणं काढा, आणि प्रत्येक कारण खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं ते लिहा. पीठ कडवट-तुरट आलंय. केळी फार कोवळी होती का? तसं असेल तर भरलेल्या घडाच्या केळीचं पीठ कमी तुरट यायला हवं. सालीचा हिरवा पापुद्रा गराला राहिला का? तर जाड सोललेल्या तुकडीत फरक पडायला हवा. पुढचे दोन प्रयोग आपोआप ठरले.

तीन, सगळं जमलं, पण प्रश्नच चुकीचा होता. पीठ उत्तम झालं, घेणारा नाही. किंवा यंत्र चांगलं चालतं, पण ते दुसऱ्याच कामाला जास्त लायक आहे. जळगावचंच उदाहरण आहे. भवरलाल जैन यांच्या उद्योगाने १९७८ मध्ये केळीची पावडर करणारा एक जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पापेन नावाचं विकर काढायला सुरुवात केली. कारखाना तोच, परिसर तोच, विचारलेला प्रश्न वेगळा. तुमच्या सोलर ड्रायरमध्ये केळीपेक्षा शेवग्याचा पाला किंवा कैरीच्या फोडी जास्त किफायतशीर वाळत असतील, तर ती माहितीही या वहीतूनच निघेल. मात्र नवा प्रश्न म्हणजे नवं पान, आणि पुन्हा कागदी हिशेबापासून सुरुवात.

## उन्हाळ्याचा निकाल पावसाळ्यात तपासा

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडीठाक असते. धाब्यावर काहीही वाळतं. याच महिन्यात केलेले सगळे प्रयोग यशस्वी होतात आणि ऑगस्टमध्ये तोच गट पेचात सापडतो, कारण चकत्या दोन दिवसांतही वाळत नाहीत, बुरशी धरतात. वाळवणाचा प्रयोग एकाच ऋतूत करून यंत्राची ऑर्डर देऊ नये, हे मी आग्रहाने सांगते.

केळीही बारा महिने सारखी नसते. मृगबागेची (जून-जुलैत लावलेली) केळी आणि कांदेबागेची (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली) केळी वेगवेगळ्या हवेत वाढते, वेगवेगळ्या वेळी कापणीला येते. थंडीत भरलेला घड आणि उन्हाळ्यात भरलेला घड यांचा गर सारखा उतरेल असं गृहीत धरू नका. दोन्ही बागांची निदान एकेक तुकडी वहीत असू द्या.

टिकण्याचा प्रश्न तर कागदावरच मोठा ठरला होता. त्यासाठी मेमध्ये केलेलं एकच पीठ तीन तऱ्हांनी ठेवा: स्टीलच्या डब्यात, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि जाड, हवाबंद पाकिटात. प्रत्येकी बरोबर २०० ग्रॅम. महिन्यातून एकदा बाहेरून वजन करा. वजन वाढलं तर ती वाढ म्हणजे आत शिरलेला ओलावा, दुसरं काही नाही. पिठात जाळी-किडे दिसण्याच्या कितीतरी आधी काटा तुम्हाला सावध करतो. ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा काटा तेवढा हवा.

धोका वाटून ठेवण्याची समज आपल्या भागाला नवी नाही. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत गावाची ओलिताची जमीन फडांत वाटलेली असते, एका फडात एकच पीक घेतात, आणि शेतकऱ्यांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असतात. पाणी कमी असलं तर काही फडांनाच पाणी देतात, आणि झळ एका घरावर न येता सगळ्यांत विभागते. नव्या उद्योगातही असंच करा: प्रयोगाचा खर्च एका बाईच्या अंगावर टाकू नका. गटाच्या पैशातून दरमहा ठरावीक रक्कम "शिकण्याचा खर्च" म्हणून बाजूला काढा. ती परत येणार नाही हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असावं. असं केलं की तुकडी फसल्यावर कोणी लपवत नाही. लपवलेल्या फसलेल्या तुकडीइतका महाग खर्च दुसरा नाही.

## चारचे वीस, विसाचे शंभर

लहान तुकडी सलग तीनदा सारखी निघाली की वाढवा, पण एकदम नाही. चार किलोंवरून वीस, विसावरून शंभर. दर टप्प्याला काहीतरी नवं मोडतं, आणि ते काय मोडेल हे आधी लिहून पाहा.

वीस किलोंना सोलणारे हात पुरत नाहीत; पहिली चकती पाण्यात पडते तेव्हा शेवटचं केळ उघडं राहून काळं होऊ लागतं. उपाय: सोललेलं केळ लगेच पाण्यात, चिरणं नंतर. लिंबूसत्त्वाचं पाणी चौथ्या-पाचव्या घाण्याला निस्तेज होतं, तेव्हा ते किती किलोंनंतर बदलायचं हा स्वतंत्र प्रयोग आहे. उकळत्या पाण्यात एकदम पाच किलो टाकले की पाणी थंडावतं आणि "दोन मिनिटं" ही दोन मिनिटं राहत नाहीत. शंभर किलोंना ड्रायरमध्ये थर जाड होतो, मधल्या चकत्या ओल्या राहतात, आणि त्या मूठभर ओल्या चकत्या अख्ख्या पोत्याला बुरशी लावतात. म्हणून वजन एकूण मालाचं न करता मधल्या ताटाचं वेगळं करा.

विक्रीला बसण्याआधी अन्न नोंदणी करून घ्या. अडलेल्या ठिकाणी जळगावचं केळी संशोधन केंद्र आणि आपापल्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र इथे विचारायला जा, वही घेऊनच जा. "पीठ काळं पडतं, काय करू?" याला कोणीही सर्वसाधारण उत्तर देईल. "सात तुकड्यांत हे हे केलं, सहावीत काळं पडलं" असं सांगितलं की समोरचा शास्त्रज्ञ खुर्ची ओढून बसतो.

## हे चुकून शिकायचं नाही

सगळंच करून पाहण्याजोगं नसतं. पिठात, वाळवणात कुठलं परिरक्षक (माल टिकवायला घालायचं द्रव्य) किती चालतं हे नियमाने ठरलेलं आहे, तिथे हाताने अंदाज बांधू नका. आंबट नसलेला माल बाटलीबंद करायचा असेल तर तपासलेली पद्धतच वापरा. हवाबंद बाटलीत वास-रंग न बदलताही विष तयार होऊ शकतं. कीटकनाशकांची मिश्रणं मनाने करून पाहू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. विजेची जोडणी, दाबाची भांडी, लहान मुलांचं अन्न यांतही हाच नियम. ज्या चुकीतून माघारी येता येत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी करायची नाही.

## थांबायचं कधी

हेही पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. इतके रुपये, या तारखेपर्यंत, आणि अमुक झालं नाही तर थांबू. "नवरात्र संपेपर्यंत ओळखीबाहेरच्या वीस घरांनी दुसऱ्यांदा पुडी घेतली नाही, तर पीठ बंद" अशा शब्दांत. दुसऱ्यांदा, हे महत्त्वाचं. पहिली पुडी लोक कौतुकाने घेतात. गुंतत गेल्यावर थांबायची रेघ आपण पुढे पुढे सरकवतो, म्हणून ती गुंतण्याआधी आखायची आणि गटातल्या सगळ्यांनी त्याखाली सही करायची. मुदत वाढवायचीच असेल तर एका अटीवर: गेल्या तीन तुकड्यांत काही नवं कळलेलं असलं पाहिजे. तेच निकाल पुन्हा पुन्हा येत असतील तर मुदतवाढ देऊ नका.

थांबलात, तर दोन कामं उरतात. प्रत्येक तुकडीतली ५० ग्रॅमची एक पुडी तारीख-क्रमांक घालून डब्यात ठेवली असेल, तो डबा फेकू नका; वर्षभराने ती पुडी उघडली की टिकण्याचं उत्तर आयतं मिळतं. आणि वहीची झेरॉक्स काढून शेजारच्या गावच्या गटाला द्या, फसलेल्या तुकड्यांच्या पानांसकट. त्यांची पहिली तुकडी मग तुमच्या शेवटच्या तुकडीपासून सुरू होईल.